कठड्यावरच्या मेणबत्त्या

परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी एक गाव होतं. गावाच्या पूर्वेला वस्ती होती आणि वस्तीच्या टोकाला विहार. विहाराला चार भिंती, वर पत्रे, समोर कमरेइतका उंच कठडा. आत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. वैशाख पौर्णिमेला संध्याकाळी सगळी वस्ती पांढरे कपडे घालून तिथे जमायची. वंदना व्हायची, खीर वाटली जायची आणि प्रत्येक घराची एक मेणबत्ती कठड्यावर लागायची. ती नवसाची नसायची. कुणी काही मागायचं नाही. ज्यानं वाट दाखवली त्याच्यापुढे एक ज्योत लावायची, एवढंच.

अडचण होती ती उन्हाची. परभणीच्या वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर जातो. बायका सकाळीच कठडा धुऊन मेणबत्त्या ओळीनं लावून ठेवायच्या, कारण दुपारनंतर खिरीच्या कामातून उसंत नसायची. संध्याकाळी येऊन बघावं तर निम्म्या मेणबत्त्या कमरेत वाकलेल्या. काही आडव्या होऊन कठड्याला चिकटलेल्या. दरवर्षी पोरं त्या खरवडून काढायची आणि ऐनवेळी दुकानातून नवे पुडे यायचे.

एका वर्षी दुकानातले पुडेही संपले. त्या संध्याकाळी अर्धा कठडा अंधारात राहिला. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या महिन्यात महिला मंडळ बसलं आणि ठरलं की यापुढे मेणबत्त्या आपणच करायच्या. काम एका घराकडे आलं. त्या घरात एक म्हातारी होती आणि तिच्या दोन सुना. म्हातारी विहारातली जळून उरलेली थोटकं वर्षानुवर्षं एका पत्र्याच्या डब्यात गोळा करून ठेवायची, म्हणून सगळ्यांना वाटलं की या घराला मेणातलं कळतं. खरं तर त्या घरात मेणातलं कुणालाच कळत नव्हतं.

धाकटी सून शिकलेली होती. सोयाबीनची काढणी आटोपल्यावर ती बचत गटाच्या बायकांबरोबर परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रशिक्षणाला गेली. तिथे सोयाबीनचं दूध काढायला शिकवलं, पीठ करायला शिकवलं, आणि बोलता बोलता कुणीतरी सांगितलं की सोयाच्या तेलाचं मेणही होतं. वनस्पती तूप करतात तसंच, तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायचं.

धाकटी घरी आली ती हाच विचार डोक्यात घेऊन. "आत्या," ती सासूला म्हणाली, "आपल्या रानातलं सोयाबीन लातूरला जातं, तिथं त्याचं तेल होतं. मग आपल्या विहारात आपल्याच रानातली मेणबत्ती का जळू नये?"

म्हातारीला बोलणं आवडलं. धाकटीचा भाऊ पुण्यात होता. त्यानं एसटीच्या पार्सलनं सोयाच्या मेणाचं पुडकं पाठवलं. पांढऱ्या, हलक्या पापड्या होत्या. पौषातल्या थंडीत तिनं त्या वितळवल्या, स्टीलच्या छोट्या पेल्यांना आतून तेलाचं बोट फिरवून त्यात ओतल्या. दुसऱ्या दिवशी पेले उपडे केले आणि दुधाच्या रंगाच्या बुटक्या मेणबत्त्या हातावर पडल्या. पेटवली तर ज्योत शांत जळाली. वस्तीतल्या बायका बघायला आल्या. धाकटीनं त्या मेणबत्त्या एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवल्या.

थोरली जाऊ मात्र गप्प होती. तिच्या मनात वेगळंच होतं. तिची बहीण मुंबईला वांद्र्याला घरकामाला होती. तिच्याकडून थोरलीनं ऐकलं होतं की सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेत लोक मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं वाहतात. आणि हेही ऐकलं होतं की चर्चमध्ये वेदीवर लावायची मेणबत्ती शेकडो वर्षं मधमाशीच्या मेणाचीच असायची, गरीब लोक घरात चरबीची लावायचे. हे तिच्या मनात घर करून राहिलं. बुद्धापुढे लावायची ती कारखान्यातल्या पापडीची कशी चालेल? सगळ्यात शुद्ध तेच मेण हवं. थोरली चांगल्या मनाची होती, आणि चांगल्या मनाच्या माणसांना शुद्ध वस्तूचा मोह लवकर पडतो.

नदीकाठच्या झाडांवर आग्या मोहोळ बसायचं. फाल्गुनात ते काढणारा एक माणूस गावात यायचा. थोरलीनं त्याच्याकडून मेणाच्या दोन पिवळ्या वड्या घेतल्या. वितळवताना घरभर मधाचा वास पसरला. चार मेणबत्त्या झाल्या. साच्यातून त्या सहज निघेनात, पेले गरम पाण्यात धरावे लागले, पण निघाल्या त्या सोन्यासारख्या. थोरलीनं त्या भर दुपारी कठड्यावर उभ्या केल्या आणि सावलीला बसून राहिली. उन्हं उतरली तरी एकही वाकली नव्हती. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. परभणीची हवा तिथवर तापत नाही.

आता प्रश्न फक्त मेणाचा उरला. घरं शंभराच्या वर होती आणि एका पोळ्यातून हाती येणारं मेण थोडं. "आणखी लागेल," थोरली त्या माणसाला म्हणाली. "आज रात्री काढतोय," तो म्हणाला, "येऊन बघा पाहिजे तर."

ती गेली. धाकट्या दिराला सोबत घेतलं. अंधार पडल्यावर त्या माणसानं वाळल्या गवताचा पलिता पेटवला, फांदीवर चढला आणि पोळ्याखाली तो झटकला. ठिणग्यांचा पाऊस खाली पडू लागला आणि ठिणग्यांच्या मागोमाग माश्या. त्या उजेडावर झेपावत होत्या आणि जळून गवतात पडत होत्या. थोरली सकाळी पुन्हा त्या झाडाखाली गेली. तिला जायची काही गरज नव्हती. खाली काळ्या माश्यांचा थर होता. काही अजून सरपटत होत्या.

त्या संध्याकाळी विहारात वंदना झाली. बौद्धाचार्यांनी पंचशील म्हटलं, त्यामागून सगळ्यांनी. पहिलंच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं. थोरलीचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. घरी येऊन तिनं मेणबत्त्या आणि उरलेलं मेण एका फडक्यात बांधलं आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिलं. पेट्यांमध्ये मधमाश्या पाळून त्यांना न मारता मेण काढणारे लोकही आहेत, पण त्या गावात तसं कुणी नव्हतं आणि थोरलीला ते ठाऊकही नव्हतं. तिनं कुणाला कारण सांगितलं नाही. "लई महाग पडतंय," एवढंच म्हणाली.

धाकटीला वाटलं, चला, आपलीच बाजू खरी ठरली.

चैत्रात एके दुपारी माळ्यावरून काहीतरी थेंब थेंब गळायला लागलं. धाकटीनं शिडी लावली. पत्रा इतका तापला होता की हात लावता येईना. पत्र्याखालच्या खोक्यात मेणबत्त्या नव्हत्याच. तळाशी पांढरा गोळा होता आणि त्यातून वाती इकडेतिकडे वर आलेल्या. सोयाचं ते मेण ५० अंशांच्या आतच वितळणारं होतं.

थोरली खाली उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आपल्या रानातलं ना? मग आपलं ऊन कामून सोसंना त्याला?"

धाकटीनं उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून दोघींचा अबोला सुरू झाला. एक चुलीपाशी असली की दुसरी अंगणात. पोरांच्या तोंडून निरोप जायचे. पौर्णिमा महिन्यावर आली होती आणि घरात लावण्याजोगी एकही मेणबत्ती नव्हती.

म्हातारीनं दोघींना काही म्हटलं नाही. तिनं नातवाला बरोबर घेतलं आणि परभणीची बस धरली. बाजारात मेणबत्त्यांचं सामान विकणारं एक दुकान होतं. आत मेणाच्या पांढऱ्या लाद्या रचलेल्या, पोती, वातीच्या रिळांचे ढीग.

"चांगलं मेण द्या," म्हातारी म्हणाली.

"सगळंच चांगलं आहे, आजी," दुकानदार म्हणाला. "लावायचं कुठं?"

"विहारात."

"विहारात कुठं? आत का बाहेर? ग्लासात का नुसतं? उन्हात ठेवणार का? किती वेळ जळायला पाहिजे?"

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे तर बघितलंच नाही." आणि काही न घेता परत निघाली. नातू वाटभर कुरकुरत होता की उगाच तिकिटाचे पैसे गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वस्ती झोपलेली असताना, म्हातारी विहारात जाऊन बसली. डोक्यावर पदर घेऊन ती कठड्यापाशी उभी राहिली. हात ठेवला, लगेच उचलला. तिनं बघितलं की कठड्याच्या अर्ध्या भागावर दुपारनंतर पिंपळाची सावली येते आणि अर्धा भाग सूर्य मावळेपर्यंत तापत राहतो. नदीकडून वारा येतो तोही तिथेच लागतो. मग ती आत गेली. मूर्तीपुढे ओटा होता. तिथे ऊन नव्हतं, वारा नव्हता, पण पत्र्याची धग होती. बाहेर आली तेव्हा तिला आठवलं की सगळ्या मेणबत्त्या काही विहारातच लागत नाहीत. पोरं हातात मेणबत्त्या घेऊन गावातून फेरी काढतात आणि दरवर्षी चार-दोन पोरांच्या बोटांवर मेण सांडतं.

संध्याकाळी तिनं दोन्ही सुनांना पुढे बसवलं. "मेणाचं राहू द्या," ती म्हणाली. "जागा तीन हायेत." आणि तिन्ही सांगितल्या.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग धाकटीचं लक्ष त्या पुडक्याच्या रिकाम्या पिशवीकडे गेलं. तिनं ती नातवाकडे दिली. त्यानं बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि सांगितलं की हे मेण काचेच्या भांड्यात ओतण्यासाठीच आहे. उभी मेणबत्ती करायला नाही. म्हणजे मेणात खोट नव्हती.

"मग आतल्या ओट्यावर ग्लासात लावू," थोरली म्हणाली. चैत्रानंतर पहिल्यांदाच ती धाकटीशी बोलली होती. "वितळलं तरी जाऊन जाऊन जाईल कुठं?"

पूर्णा जंक्शनजवळच्या एका हॉटेलवाल्याकडे चहाचे जुने काचेचे ग्लास पडून होते. गिऱ्हाईकं कागदी कप मागायला लागल्यापासून ते कुणी वापरत नव्हतं. त्यानं दोन टोपल्या भरून दिले.

कठड्यासाठी तिघी मिळून, नातवाला बरोबर घेऊन, त्याच दुकानात गेल्या. आता दुकानदाराचे प्रश्न संपायच्या आत म्हातारीची उत्तरं तयार होती. त्यानं पॅराफिनच्या दोन लाद्या पुढे ठेवल्या. खनिज तेल शुद्ध करताना हे मेण निघतं. एक लादी स्वस्त होती, पण तिच्यात तेलाचा अंश जास्त. "हिला उन्हात घाम सुटतो," तो म्हणाला. "बाजारातल्या स्वस्त मेणबत्त्या वाकतात त्या यानंच." दुसरी लादी अंगानं कोरडी होती, ६० अंशांच्या पुढे वितळणारी. ती घ्या आणि दहा किलोला एक किलो स्टिअरिक टाका, असं त्यानं सांगितलं. स्टिअरिकचे पांढरे दाणे त्यानं ओंजळीत धरून दाखवले. त्यानं मेण आणखी टणक होतं.

थोरलीनं दाणे हातात घेतले. "हे कशाचं? चरबीचं तर नाही?"

"पूर्वी चरबीचं यायचं. हे पामतेलाचं," दुकानदार म्हणाला आणि पोत्यावरची अक्षरं दाखवली. थोरलीनं ती नातवाकडून दोनदा वाचून घेतली. का ते धाकटीला त्या वेळी कळलं नाही. रात्री परतताना बसमध्ये थोरलीनं तिला त्या झाडाखालच्या माश्यांचं सांगितलं.

मग अंगणात काम सुरू झालं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात मेणाचा डबा. मेण थेट जाळावर ठेवायचं नाही, हे दुकानदारानं बजावून सांगितलं होतं. आणि पेट घेतलाच तर पाणी टाकायचं नाही, वर झाकण घालायचं. एकदा कडेला भडका उडाला आणि नातू पाण्याची कळशी घेऊन धावला. म्हातारीनं त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि थोरलीनं परात उपडी घातली.

वातीनं सगळ्यांत जास्त छळलं. जिल्ह्यात कापूस काय कमी आहे? धाकटीनं सुताच्या वाती वळल्या. जाड वात काळा धूर ओकायची आणि ज्योत वीतभर उडायची. बारीक वात स्वतःच्याच मेणात बुडून विझायची. रुंद ग्लासाला जरा जाड, बुटक्या मेणबत्तीला मध्यम, असं जमवता जमवता चार रात्री गेल्या. वात आधी मेणात बुडवून ताठ करून घ्यायची. ग्लासात ती सरळ राहावी म्हणून खाली पत्र्याची टिकली बसवायची. ग्लास ऊन पाण्यानं कोमट करून मगच ओतायचं, नाहीतर तडकतो. आणि मेण गार होताना आक्रसतं, वातीभोवती खड्डा पडतो. तो दुसऱ्यांदा ओतून भरायचा. पहिल्या दिवशीच्या सगळ्या मेणबत्त्यांना खड्डे होते. धाकटीला वाटलं मेणच बिघडलं. तसं काही नव्हतं. घाई झाली होती.

कठड्याच्या मेणबत्त्या त्यांनी बुटक्या आणि जाड केल्या. जितकी उंच, तितकी वाकायला मोकळी, हे इतक्या वर्षांच्या वाकलेल्या ओळींनी शिकवलंच होतं.

फेरीच्या मेणबत्त्यांसाठी म्हातारीनं आपला पत्र्याचा डबा उघडला. किती वर्षांची थोटकं होती त्यात कोण जाणे. पांढरी, लाल, हिरवी, कुणाच्या लग्नातली, कुणाच्या पुण्यानुमोदनातली. ती वितळवली तेव्हा खाली माती आणि काजळी बसली. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळलं. सगळे रंग मिसळून राखाडी झाले. "दिसायला काही खास नाहीत," धाकटी म्हणाली. "अर्धा तास तर जळायच्यात," म्हातारी म्हणाली. प्रत्येक मेणबत्ती कागदी कपाच्या बुडातून आरपार बसवली, म्हणजे मेण कपात सांडावं, बोटांवर नाही.

पेटीच्या तळातलं मधमाशीचं मेण थोरलीनं शेवटी बाहेर काढलं. जाळायचं तिच्या मनानं घेतलं नाही. टाकायचंही घेतलं नाही. म्हातारी त्या वेळी गोधडी शिवत होती. तिनं एक वडी घेतली, दोरा त्यावरून ओढला आणि टाका घातला. मेण लावलेला दोरा गुंतत नाही, लवकर झिजतही नाही. ती वडी सुईच्या डबीत गेली आणि तिथेच राहिली.

पौर्णिमा आली. सकाळी कठडा धुतला, मेणबत्त्या मांडल्या. दुपारी पोरं दोन-तीनदा जाऊन बघून आली. संध्याकाळी पश्चिमेकडच्या टोकाच्या काही मेणबत्त्या जराशा कलल्या होत्या, बाकीची ओळ जशीच्या तशी उभी होती. आत ओट्यावर दोन ग्लास तडकले, ते काढून ठेवले. उरलेल्या ग्लासांत मेण सगळं पाणी होऊन गेलं तरी ज्योत वातीवर होती. फेरीत पोरांची बोटं भाजली नाहीत. बौद्धाचार्यांनी वंदना सांगितली आणि पहिल्या शीलाला थोरलीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

खरं बघितलं तर त्या घरात वाईट मेण कुणीच आणलं नव्हतं. धाकटीचं आपल्या रानात होतं त्याच पिकाचं होतं. थोरलीचं उन्हाला सगळ्यांत चिवट होतं, फक्त ते कुठून आलं हे तिनं वेळेत पाहिलं. दोघी मेणाचे गुण बघत राहिल्या. म्हातारीनं आधी तापलेल्या कठड्याला हात लावून पाहिला, आणि मग प्रत्येक मेणाला आपापलं काम मिळालं. आपल्याकडच्या चांगल्या गोष्टींवरून घराघरांत जी भांडणं होतात, त्यांतली पुष्कळशी या एका हात लावण्यावाचून अडलेली असतात.

पावसाळा लागला. आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. एके दिवशी नदीपलीकडच्या गावातून चार बायका जावांकडे आल्या. त्यांना आपल्या विहारासाठी मेणबत्त्या करायच्या होत्या. "जयभीम ताई, तुमच्या मेणबत्त्यांचं लई ऐकलं," त्यांतली एक म्हणाली. "कोणतं मेण घ्यावं, तेवढं सांगा."

थोरलीनं चहा ठेवला. धाकटी त्यांच्यापुढे बसली आणि म्हणाली, "तुमचा विहार पत्र्याचा हाय का स्लॅबचा? आणि कठड्याचं तोंड कुणीकडं?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली पूर्वेकडं, दुसरी म्हणाली दक्षिणेकडं. शेवटी ठरलं की चहा झाला की दोघी जावांनी त्यांच्याबरोबर पलीकडं जाऊन एकदा बघूनच यायचं.